डेस्कटॉपचा आवाज पुन्हा पुन्हा जातो, त्याचं काय करायचं

तक्रार नेहमी एकाच सुरात येते. "काका, परवाच ड्रायव्हर टाकून गेलात, दोन दिवस झकास चाललं, आज परत मुका झालाय." गिरगावातलं डीटीपीचं दुकान असो नाहीतर मुलुंडच्या सोसायटीतला ऑनलाइन क्लास, शब्दसुद्धा फारसे बदलत नाहीत. उपायही ठरलेला: ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला साउंड कार्ड चालवायला शिकवणारा प्रोग्राम, काढा आणि परत टाका. त्याने आवाज येतो हे खरं. पण ड्रायव्हर टाकला की मशीन रीस्टार्ट होतं, आणि बऱ्याचदा काम त्या रीस्टार्टनेच झालेलं असतं. श्रेय मात्र ड्रायव्हरला जातं आणि मूळ दुखणं जागच्या जागी राहतं.

आवाज एकदाच गेला असेल तर काहीही करून आणा, कोण विचारतंय. पण तो परत परत जात असेल तर तो वाटेत नेमका कुठे अडतो ते आधी शोधायचं. तेवढं कळेपर्यंत काहीही इन्स्टॉल करायचं नाही.

हिरवी पट्टी कुठे नाचते?

कीबोर्डवर विंडोजचं बटण धरून आर दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात इंग्रजी अक्षरांत एम एम एस वाय एस, मग डॉट, मग सी पी एल असं सलग लिहून एंटर मारा. 'साउंड' नावाची जुनी खिडकी उघडते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधून 'मोअर साउंड सेटिंग्ज' शोधत गेलात तरी शेवटी इथेच पोचता, फक्त वळसा घालून. 'प्लेबॅक' टॅबवर जेवढी उपकरणं दिसतील त्यातल्या प्रत्येकाच्या उजव्या हाताला एक उभी पट्टी असते. एखादं गाणं लावा आणि पट्ट्यांकडे बघा.

पट्टी भलत्याच नावापुढे नाचत असेल, म्हणजे मॉनिटरच्या किंवा टीव्हीच्या नावापुढे, तर आवाज चुकीच्या दाराने बाहेर पडतोय. स्पीकरच्या नावापुढे नाचते आहे पण कानावर काहीच पडत नाही, तर विंडोजने आपलं काम केलेलं आहे. दोष जवळपास नक्की पुढे आहे: जॅक, वायर, स्पीकर किंवा त्याचा ॲडॅप्टर. इथे ड्रायव्हर दहा वेळा टाकलात तरी फरक पडणार नाही. आणि पट्टी कुठेच हलत नसेल तर आवाज स्पीकरपर्यंत निघालेलाच नाही. अशा वेळी ब्राउझरचा तो टॅब म्यूट आहे का, व्हॉल्यूम मिक्सरमध्ये त्या प्रोग्रामची दांडी खाली आहे का, हे बघा. विंडोज १० च्या २०१८ च्या अपडेटपासून प्रत्येक प्रोग्रामला वेगळं आउटपुट लावता येतं आणि मशीन ते लक्षातही ठेवतं. घरातल्या एखाद्या पोराने गेमसाठी काहीतरी निवडलेलं असतं आणि आई-बाबांची मालिका त्यामुळे मुकी होते.

ही पट्टी बघायला एक मिनिट लागतं. फोनवर तक्रार आली तरी मी आधी हेच करायला सांगतो, कारण पुढचं सगळं यावर ठरतं.

मॉनिटर आवाज पळवतो तेव्हा

परत परत जाणाऱ्या आवाजाचं सगळ्यात जास्त दिसणारं कारण हेच. मॉनिटर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टने जोडलेला असतो, आणि या दोन्ही वायरी चित्राबरोबर आवाजही नेतात. त्यामुळे मॉनिटरमध्ये स्पीकर असो वा नसो, विंडोजच्या यादीत तो एक आवाजाचं उपकरण म्हणून येऊन बसतो. मॉनिटर झोपला की तो यादीतून जातो, जागा झाला की परत येतो, आणि येताना कधीकधी डिफॉल्टची गादीही बळकावतो. म्हणूनच "जेवून आलो तर आवाज गेलेला" ही तक्रार इतकी ऐकू येते. मशीनला जेवणाच्या वेळेचं काही वावडं नाही. तेवढ्या वेळात स्क्रीन झोपलेली असते एवढंच.

यावर स्पीकरला पुन्हा पुन्हा 'सेट डिफॉल्ट' करत बसू नका. त्याच खिडकीत मॉनिटरच्या नावावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. टीव्हीचं नाव असेल आणि तुम्ही टीव्हीवर आवाज ऐकत नसाल तर तेही बंद. वापरात असलेलं एकच नाव शिल्लक राहिलं की विंडोजला भलतीकडे जायला जागाच उरत नाही. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट झाला की ही बंद केलेली नावं कधीकधी नव्याने उगवतात. तसं होत असेल तर पुढच्या वेळी तो ड्रायव्हर टाकताना कस्टम इन्स्टॉल निवडून त्यातल्या एचडी ऑडिओसमोरची खूण काढा.

अपवाद एकच. स्पीकरची पिन मॉनिटरच्या मागच्या भोकात घातली असेल तर तुम्हाला मॉनिटरचंच नाव चालू हवं, उलट कराल तर फसाल.

याच खिडकीत आणखी एक गंमत आहे. डिफॉल्ट दोन असतात: एक साधा आणि एक कम्युनिकेशनसाठी. गाणी हेडफोनमध्ये आणि कॉल स्पीकरवर असा प्रकार दिसला तर हे दोन वेगवेगळ्या ठिकाणी लागलेत असं समजा. शेवटच्या 'कम्युनिकेशन्स' टॅबवर तर मुद्दाम जा. विंडोजला कॉल चालू झाल्यासारखं वाटलं की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी उतरवायचे, असं तिथे आधीपासूनच ठरवून ठेवलेलं असतं. दादरच्या एका तबल्याच्या ऑनलाइन क्लासमध्ये लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीला फिरत राहणारी धून, त्याच पीसीवरून वाजायचा. क्लास सुरू झाला की लेहरा बसायचा, क्लास संपला की आपोआप चढायचा. गुरुजींनी त्यासाठी नवे स्पीकर आणायची तयारी केली होती. तिथे 'डू नथिंग' निवडलं आणि विषय संपला.

"बंद करून चालू केलं की"

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शटडाउन हा पूर्ण शटडाउन राहिलेला नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलून पुढे चालू करतं. ड्रायव्हर काल रात्री गोंधळलेला असेल तर आज सकाळी तोच गोंधळ शिळ्या भातासारखा गरम होऊन ताटात येतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं कोरं सुरू होतं. म्हणून रोज रात्री मशीन बंद करूनही आवाज येत नाही आणि एका रीस्टार्टने येतो, असं तुमच्याकडे होत असेल तर संशय इथे घ्या. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवरचं बटण काय करेल ते ठरवायची लिंक, मग वरची 'सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्ज बदला' अशा अर्थाची ओळ, आणि खालची फास्ट स्टार्टअपची खूण काढून सेव्ह. मशीन सुरू व्हायला थोडा जास्त वेळ घेईल. एसएसडी असेल तर तो जाणवणारही नाही.

पट्टी कुठेच हलत नाही आणि रीस्टार्ट करायलाही सवड नाही, अशा वेळी सर्व्हिसेसच्या, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामांच्या, यादीत 'विंडोज ऑडिओ' शोधून तिच्यावर राइट क्लिक, रीस्टार्ट. आवाज आला तर चांगलंच. पण हे दर आठवड्याला करावं लागत असेल तर स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एनहान्समेंट बंद करा. थ्रीडी, बास बूस्ट, मदरबोर्डबरोबर आलेली 'गेमिंग साउंड'ची ॲप, या मंडळींना मी मशीनमध्ये ठेवतच नाही. आवाज त्यांनी सुधारत नाही, नुसता फुगतो.

ड्रायव्हर खरोखरच दोषी असतो तेव्हा त्याची खूण वेगळी असते: आवाज जाण्याच्या आदल्या दिवशी विंडोजचं अपडेट झालेलं असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंडच्या फांदीखालच्या नावाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे का बघा. बटण फिकट असेल तर मागचा ड्रायव्हर शिल्लक नाही. मग 'अपडेट ड्रायव्हर', माझ्या कॉम्प्युटरमधून निवडतो, यादीतून निवडतो, असं करत 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' घ्या. हा मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर. त्यात झगमगाट नाही, पण तो सहसा रुसत नाही. मूळ ड्रायव्हरच हवा असेल तर मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून उतरवून एका फोल्डरमध्ये जपून ठेवा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' देणाऱ्या साइटींच्या वाटेला जाऊ नका.

पट्टी नाचते, स्पीकर गप्प

आता मुंबईतल्या खऱ्या शत्रूकडे येऊ: दमट, खारी हवा. पावसाळ्यात हे काम हमखास वाढतं. ३.५ मिलिमीटरच्या जॅकच्या आत पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर काळपट थर चढतो. वायर हलवली की एका कानात आवाज येतो, सोडली की जातो. आधी पिन दहा-बारा वेळा घाला-काढा, थर तेवढ्यानेही खरवडला जातो. त्याने भागलं नाही तर मशीन बंद करून, प्लग काढून, पिनेला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, तीच पिन आत फिरवा आणि सुकू द्या. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो, तोही चालेल. खिडकीच्या कडीला मारायचा तेलकट स्प्रे मात्र नको, त्यावर धूळ बसून पुढच्या पावसात आणखी चिखल होतो.

पुढच्या जॅकची एक खोडी मुद्दाम सांगायला हवी, कारण ती भल्याभल्यांना चकवते. कॅबिनेटच्या पुढच्या हेडफोनच्या भोकात एक बारीक स्विच असतो. पिन आत गेली की तो मदरबोर्डला सांगतो, "हेडफोन आला", आणि मागचे स्पीकर गप्प होतात. हा स्विच गंजून किंवा वाकून अडकला की भोक रिकामं असतानाही हेडफोन लावलाय असंच मदरबोर्ड धरून चालतो. पट्टी स्पीकरपुढे मजेत नाचते, मागचा हिरवा जॅक ठणठणीत असतो, तरीही शांतता. दमट दिवशी अडकतो, कोरड्या दिवशी सुटतो, त्यामुळे आपोआप बरं झाल्याचाही भास होतो. तपासायला मशीन बंद करून, कॅबिनेट उघडून, मदरबोर्डवरची पुढच्या ऑडिओची वायर उपसा. नऊ पिनांचा छोटा सॉकेट असतो, बहुतेक वेळा खालच्या डाव्या कोपऱ्यात. ती काढून आवाज आला, तर गुन्हेगार सापडला. रियलटेकच्या (बोर्डावरची साउंड चिप बहुधा याच कंपनीची असते) पॅनलमध्ये पुढच्या जॅकची तपासणी बंद करायचा पर्याय मिळाला तर तो वापरा, नाहीतर वायर काढलेलीच राहू द्या आणि हेडफोन मागे लावा. कॅबिनेट फार जुनं असेल तर त्या वायरीला दोन टोकं दिसतील, एकावर एसी ९७ आणि दुसऱ्यावर एचडी ऑडिओ. पहिलं १९९७ च्या पद्धतीचं, दुसरं २००४ नंतरचं. आजच्या बोर्डाला दुसरंच हवं. पहिलं लावलेलं असेल तर जॅक ओळखण्याचा गोंधळ कायमचा.

आवाज वाढवायचं बटण फिरवताना खरखर होत असेल तर कॉम्प्युटरचा काही संबंध नाही. स्पीकरमधला व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे त्या बटणामागचा फिरता भाग, झिजलाय, तो बदला.

घूंऽऽ असा आवाज

गाणं बंद असतानाही स्पीकरमधून जी खालच्या पट्टीतली घरघर येते, ती बहुतेक वेळा विजेची असते. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ही घरघर त्या ५० ची किंवा तिच्या दुपटीची. एक हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावून बघा. घरघर बदलली, किंवा बोटाला मुंग्या आल्या, तर तुमच्या प्लगला अर्थिंग नाही. टेस्टर मागच्या स्क्रूला टेकवला तर त्याचा दिवा मंद पेटतोही. याचं कारण पीसीच्या एसएमपीएसमध्येच, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातच आहे. विजेतला कचरा गाळायला त्यात फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे छोटे कपॅसिटर लावलेले असतात. त्यांची किंचित गळती अर्थच्या वायरीतून निघून जायची असते. अर्थच नसेल तर ती पत्र्यावर थांबते आणि ऑडिओच्या वायरीच्या जाळीतून ॲम्प्लिफायरकडे वाट काढते.

जुन्या चाळींमधल्या वायरिंगमध्ये हे नेहमीचं आहे. पण नव्या टॉवरमध्येही दिसतं, आणि तिथे चोर असतो एक्स्टेन्शन बोर्ड. फुटपाथवरून घेतलेल्या बोर्डाला वर तीन भोकं असतात, पण त्याची वायर कापून बघितली तर आत दोनच तारा. तिसरं भोक नुसतं शोभेचं. बोर्ड घेताना प्लगची वरची जाड पिन आहे का आणि वायर तीन तारांची आहे का हे विचारून घ्या. भिंतीच्या सॉकेटमध्ये अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून बघा. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास यायला हवेत. स्वतः सॉकेटमध्ये वायरी खुपसून बघू नका.

याच्या उलट दुखणं गणपतीत मंडळांकडे दिसतं. पीसी एका पॉइंटवर, ॲम्प्लिफायर मंडपाच्या दुसऱ्या टोकाला, दोघांनाही अर्थिंग, आणि मध्ये लांबलचक ऑडिओची वायर. दोन अर्थिंगमध्ये थोडासा जरी फरक असला तरी त्या वायरीतून प्रवाह फिरत राहतो आणि आरतीच्या मागे अखंड घूंऽऽ चालू. मग कोणीतरी हुशार कार्यकर्ता ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन तोडतो. घरघर थांबते, खरंय. पण पावसात ओल्या मंडपात त्या ॲम्प्लिफायरमध्ये काही बिघडलं तर पत्रा थेट फेजला लागेल आणि हात लावणाऱ्याला कोणी वाचवणार नाही. हे कधीही करू नका, दुसरा करत असेल तर हात धरा. आधी दोन्ही यंत्रं एकाच बोर्डवर लावून बघा. जमत नसेल तर ऑडिओच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो पण तारेला तार जोडलेली राहत नाही. अगदी स्वस्त आयसोलेटर खालचे सूर थोडे खातो, घोषणांना चालतो, ढोलाला नाही. पीसीला ऑप्टिकल आउटपुट आणि ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट असेल तर प्रश्नच मिटला, तिथे प्रकाशच जातो.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात

उबुंटूने २२.१० पासून, म्हणजे २०२२ च्या ऑक्टोबरपासून, आवाज सांभाळायला पल्सऑडिओ सोडून पाइपवायर घेतलं. फेडोराने ते २०२१ मध्येच ३४ व्या आवृत्तीत केलं होतं. जुन्या मशीनवर वरचेवर अपग्रेड करत आलेल्यांकडे कधीकधी दोन्ही उभे राहतात आणि एकाच कार्डासाठी भांडतात. एकच ठेवा, आणि आज ठेवायचं तर पाइपवायर. पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल हा जुना प्रोग्राम त्याच्यावरही चालतो. त्याच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये एचडीएमआयचं प्रोफाइल ऑफ केलं की मॉनिटरची लुडबुड थांबते. तरीही चुकीचंच आउटपुट परत परत निवडलं जात असेल तर पाइपवायरसाठी आउटपुट निवडणारा वायरप्लंबर जुनी निवड धरून बसलाय. होम फोल्डरमधल्या लपलेल्या डॉट लोकलमध्ये स्टेट, आणि त्यात वायरप्लंबर नावाचं फोल्डर आहे. ते काढून लॉग आउट करून परत आलात की तो पाटी कोरी करतो.

बदलायचंच ठरवलं तर

वरचं सगळं करून झालं, दुसऱ्या मशीनवर स्पीकर चांगले वाजतात, आणि मागच्या एकाही जॅकमधून आवाज बाहेर येत नाही, तर बोर्डावरचा साउंड गेला असं समजा. त्यासाठी मदरबोर्ड बदलायची गरज नाही, आणि कोणी तसं सांगितलं तर दुसरं दुकान बघा. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात की यूएसबी साउंड कार्ड काही शे रुपयांपासून मिळतं. घरच्या स्पीकरला आणि ऑनलाइन क्लासला तेवढं पुरतं. ड्रायव्हर लागत नाही, खोचलं की चालतं. गाणं रेकॉर्ड करायचं असेल किंवा चांगले हेडफोन असतील तर मात्र थोडं वरचं ऑडिओ इंटरफेस घ्या. आतलं कार्ड घ्यायचं असेल तर ते पीसीआय एक्स्प्रेसचंच हवं. जुनं पीसीआयचं कार्ड कोणी स्वस्तात देऊ केलं तरी नव्या बोर्डवर ते बसायला जागा नसते. मोबाइलचा माइकवाला इअरफोन लावायचा असेल तर त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात. दोन वेगळी भोकं असलेल्या कार्डाला तो थेट चालत नाही, मध्ये स्प्लिटर लागतो.

कार्ड लावताना कॅबिनेटच्या मागचं, थेट मदरबोर्डवरचं पोर्ट निवडा. पुढच्या पोर्टला किंवा हबला नको. आणि एकदा निवडलं की तेच ठेवा. स्वस्त कार्डांना स्वतःचा सीरियल नंबर नसतो, त्यामुळे पोर्ट बदललं की विंडोज त्याला नवीनच उपकरण समजतं, नावापुढे २ लावतं आणि तुमच्या जुन्या सगळ्या सेटिंग्ज बाजूला पडतात. केर काढताना वायर निघाली आणि शेजारच्या पोर्टला लागली एवढ्यावरून "परत आवाज गेला" असे फोन येतात. पोर्टवर मार्करने खूण करून ठेवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची परवानगी काढा, म्हणजे कार्ड मधेच झोपणार नाही. बोर्डावरचं जुनं रियलटेक 'प्लेबॅक' टॅबमध्ये डिसेबल करा, बायोसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमधून, बंद करायची घाई नको. मागचा गुलाबी जॅक जिवंत असेल तर माइकला तो अजून वापरता येतो.